तिसरा परिच्छेद

यंदाही फाल्गुन लागला आणि आमच्या घरात उताऱ्यांचे दिवस आले. नात दहावीला आहे. जेवणाच्या टेबलावर घड्याळ उभं करून ती इंग्रजीचे उतारे सोडवत बसते. आधी खालचे प्रश्न वाचते, मग पेन्सिलीचं टोक उताऱ्यावरून भराभर फिरवते. तांदळातला खडा दिसावा तसं उत्तर दिसलं की त्याखाली रेघ मारते आणि पेन्सिल उचलते. काल मी विचारलं, "पुढचं वाचलं नाहीस?"

"कशाला, आजोबा? उत्तर मिळालं की! आमच्या क्लासचे सर म्हणतात, उताऱ्यात रमायचं नसतं."

मी उठून गॅलरीत गेलो. वारा नव्हता, तरी समोरच्या कडुलिंबाची पानं गळत होती. हे वाक्य मी ह्याच गावात, ह्याच दिवसांत, साठ वर्षांपूर्वी ऐकलं होतं. एका खिडकीच्या गजांतून.

ती खिडकी आमच्या शाळेमागच्या खोलीची. पूर्वी तिथं सुताचं गोदाम होतं. भिंतींत रंगाचा आणि खळीचा वास मुरलेला, वर पत्रा, आणि खिडकी एकच, तीही डोक्याच्या वर. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे उतरले की मॅट्रिकच्या वर्गातल्या आम्हा बारा मुलांना देवस्थळी मास्तर त्या खोलीत घालायचे आणि बाहेरून कडी लावायचे. आदल्या वर्षीची मुलं पाणी प्यायला म्हणून जायची ती हॉटेलात भजी खाताना सापडायची, म्हणून ही कडी. मग मास्तर बाहेरच्या स्टुलावर चढत. आतून आम्हाला त्यांची काळी टोपी, चष्मा आणि हातातला कागद एवढंच दिसे. "कैद्यांनो, लिहा," असं म्हणून ते उतारा सांगायला लागत.

दहा वाजेपर्यंत पत्रा तापायचा. टाकाच्या टोकावरची शाई कागदावर उतरायच्या आत वाळायची, मनगटाला कागद चिकटायचा. घड्याळ नव्हतं. गिरणीचा भोंगा झाला की दुपार झाली हे कळायचं, आणि पाचचा भोंगा झाला की कडी निघायची. मधल्या वेळात बाहेर काय चाललंय ते आवाजावरूनच ओळखायचं. ह्या मास्तरांच्या चपला, ही पाणी ओढणारी बाई, हा कुणीतरी टांगा थांबवला.

उताऱ्यांची छापील पुस्तकं आमच्याकडे नव्हती. त्यामुळे मास्तरांनी नियम केला होता की प्रत्येकानं आपापल्या बोळातून सापडेल तो इंग्रजी कागद आणायचा. औषधाच्या बाटलीभोवतीची घडी, गिरणीची नोटीस, रेल्वेचं पत्रक, बिस्किटाच्या डब्यावरचं लेबल. मास्तर त्यावर पाच प्रश्न काढत. ह्याला आम्ही 'अनसीन' म्हणायचो. इस्माईल नावाचा माझ्या बाकावरचा मुलगा एकदा केस काळे करण्याच्या तेलाचा कागद घेऊन आला होता, आणि मास्तरांनी तोही तितक्याच गांभीर्यानं सोडवून घेतला.

"उतारा म्हणजे काय सासुरवाडी आहे तुमची, रमायला?" मास्तर गजांतून ओरडायचे. "जायचं, काम करायचं, चालू लागायचं! आधी प्रश्न बघा. मग उतारा. उत्तर सापडलं की टाक उचला."

मी ह्यात पटाईत झालो. मुलं पहिली ओळ उलगडत असताना माझी दोन उत्तरं लिहून झालेली असत. इस्माईल म्हणायचा, "तू पढता नहीं रे दामू, शिकार करता." मला ती स्तुती वाटायची.

आमच्या घरासमोर तेलुगू विणकरांचं घर होतं. दोन भाऊ, दोन माग. धाकटा तापानं गेला आणि त्याची बायको अंबव्वा त्या घरात राहिली. बोळातले आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची असेल. दीर एका मागावर, पगारी माणूस दुसऱ्यावर, आणि दारातल्या उजेडात चरखा घेऊन अक्का. दोन माग चालते ठेवायचे तर धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरणारं एक माणूस सतत बसलेलं लागतं. आमच्या ओट्यावरून मला तिचा उजवा हात फिरताना आणि डावा हात धागा सोडताना दिसायचा. पहाटे मी पाठांतराला बसायचो तेव्हा तो हात फिरत असायचा आणि दिवा लावायच्या वेळेला फिरतच असायचा.

त्या चरख्यावरून ती एकाच कारणासाठी उठायची. बोळात कुणी बाळंत व्हायची असली की अक्काला बोलवत. ती बाईच्या पाठीशी बसून तिला धरून ठेवायची. एकदा एका अडलेल्या बाईबरोबर ती सरकारी दवाखान्यात गेली आणि तिथं तिनं नर्स पाहिली. त्यानंतर कधीतरी तिनं मला ओट्यावर गाठलं.

"दामू, तुमच्या साळंत इंग्लिशात अर्ज लिवाया शिकिवत्यात म्हनं. मला एक लिवून दे की."

"कशाचा?"

"नर्शीचा. लांबच्या एका मिशनच्या दवाखान्यात शिकिवत्यात, ऱ्हायला जागा बी देत्यात. पर घरात बोलू नगंस. मी गेले तर कांड्या कोन भरनार, म्हनून बसंल भाऊजी."

मी अर्ज लिहिला. वर्गात शिकवलेली सगळी भारदस्त वाक्यं त्यात घातली. ती मला स्वतःलाच इतकी आवडली की मी तिला दोनदा वाचून दाखवली. तिला एक अक्षर कळलं नाही, पण ती हसून म्हणाली, "असं बोललं तर कोन न्हाय म्हनंल रं?"

उत्तर आलं तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. मी दप्तर घेऊन निघालो होतो. अक्का रस्त्यातच उभी राहिली. हाताला खळ होती म्हणून तिनं कागद दोन्ही कडांना चिमटीत धरला होता.

"मला घेत्यात का न्हाय? येवडंच सांग."

प्रश्न आधी मिळाला होता. मी कागदावरून नजर फिरवली. टाईप केलेलं पत्र, तीन परिच्छेद. पहिल्यात आभार, आणि चौथ्या ओळीत उत्तर होतं. नर्सच्या वर्गाला इंग्रजी पाचवी लागते, सबब घेता येत नाही, खेद वाटतो.

"नाही म्हणतायत, अक्का. इंग्रजी पाचवी लागते."

तिनं हनुवटीनं कागदाचा खालचा भाग दाखवला. मग म्हणाली, "आनि खाली येवडं काय लिवलंय?"

मी दुसऱ्या परिच्छेदाची पहिली ओळ पाहिली. वय, कपडे, दाखले असलं काहीतरी होतं. "ते नियम असतात," मी म्हणालो.

"असं व्हय."

तिनं पत्र घडी घालून माझ्या हातात ठेवलं. "मागनं कोरा हाय बग. तुलाच ऱ्हाऊ दे, गनितं कराया हुईल." आणि ती घरात गेली. मी बोळाच्या टोकाला पोचेपर्यंत चरखा सुरू झालेला होता.

ह्या प्रसंगाचा मी पुढे फार विचार केला आहे. परीक्षेत प्रश्न काढणाऱ्यानं उतारा आधी वाचलेला असतो. म्हणून त्याच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली की उतारा संपला असं धरून चालतं. अक्कानं उतारा वाचलेला नव्हता. तिला काय विचारायचं हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तरी तिनं दुसरा प्रश्न बरोबर विचारला होता.

त्या दिवशी माझ्याकडे वर्गाला द्यायला कागद नव्हता. मी तेच पत्र मास्तरांना दिलं. तिला विचारलं नाही. मास्तर खूश झाले. "वा! टाईप केलेलं! कुणाचं रे?"

"असंच, ओळखीतल्या एकीचं."

"नाव आपण गाळू. बाईमाणूस आहे."

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मास्तरांनी ते काढलं. पाच प्रश्न आधी सांगितले. मग पत्र गजांतून माझ्याकडे टाकलं. ते त्यांना एव्हाना पाठ झालं होतं. "दामू, कागद तुझा, तुला उतरून घ्यायचे कष्ट माफ. मागच्याच बाजूला उत्तरं लिही." आणि बाकीच्यांना ते एकेक वाक्य सांगायला लागले. मला काही काम नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी एक उतारा नुसता ऐकला. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला. पाचवा प्रश्न होता, 'अर्जदार बाईंना शेवटी काय करायला सुचवलं आहे, आणि कधीपर्यंत?' मग मास्तर तिसरा परिच्छेद सांगायला लागले.

सुईणकामाचा वेगळा वर्ग होता. त्याला मराठी चौथी पुरेशी होती, आणि अक्का चौथी शिकलेली होती. तिच्यासाठी एक जागा राखून ठेवली होती, शनिवारपर्यंत.

इस्माईलनं मला कोपर मारलं. "अरे, बाई का तो काम बन गया! पैले 'नको' बोलके डरा दिया बिचारी कू, बाद में जागा दे दी." दोन-तीन मुलं हसली. खोलीतल्या बाराही जणांना कळलं होतं. इस्माईलला तर आनंद झाला होता, न पाहिलेल्या त्या बाईसाठी.

मी उभा राहिलो. "मास्तर, बाहेर जायचंय."

"कुठं? भजी खायला?"

सगळे हसले. मी खाली बसलो आणि पत्राच्या मागच्या बाजूला पाच उत्तरं लिहिली. पाचवं उत्तर सर्वांत चांगलं झालं. मास्तरांनी तांबड्या पेन्सिलीनं दहापैकी दहा दिले आणि गजांतून म्हणाले, "शाबास! असं वाचावं."

पाचचा भोंगा झाला, कडी निघाली. मी घरी आलो. अक्का दारातच होती.

"कसं गेलं रं?"

"बरं गेलं."

"मार्क?"

"दहापैकी दहा." माझ्या हातात पत्राची मागची बाजू होती. तिनं ती ओळखली.

"माझ्या कागदावर!" ती इतकी मोठ्यानं म्हणाली की आतला माग थांबला. "बगा, माझ्या कागदावर दामूला सगळंच्या सगळं मार्क पडलं! कायतरी उपेग झाला की." मग आत जाऊन तिनं मूठभर शेंगा आणि गुळाचा खडा आणला, आणि माझ्या हातावर ठेवला. मी तिथंच उभा राहून खाल्ला. ती बघत होती म्हणून सगळा खाल्ला.

बुधवारी सांगायचं ठरवलं होतं. पण बुधवारी तिचा दीर ओट्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "काय दामू, साहेब झालास म्हनं! बरं केलास, वाचून सांगितलास. आता अंबव्वाचं डोकं ठिकान्यावर आलं. लपून अर्ज करतीया!" म्हणजे तिनं घरात कबूल केलं होतं. आता 'पत्रात पुढं वेगळंच होतं' असं म्हणायचं तर त्याच्यासमोर म्हणावं लागणार, माझी चूक झाली हे सांगावं लागणार, आणि तिचं पत्र मी बारा पोरांत वाचायला दिलं हेही. बोळात मला सगळे इंग्रजीचा वाघ म्हणत. गुरुवारी मला ताप आल्यासारखा वाटला. आईनं कपाळाला हात लावून पाहिलं, ताप नव्हता. शुक्रवारी मी बोळ चुकवून मागच्या बाजूनं घरी आलो.

त्या आठवड्यात मला प्रत्येक जागा त्या गोदामासारखी वाटत होती. घर, ओटा, रस्ता. जिथं उभा राहीन तिथून चरखा ऐकू यायचा. शाळेत कडी लागली की उलट बरं वाटायचं, कारण आत होतो तोवर माझ्या हातात काही नव्हतं. शनिवारी दुपारचा भोंगा झाला. त्यानंतर स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिटी ऐकू आली. मी हिशोब केला की आत्ता कुणी निघालं तरी संध्याकाळच्या आत पोचणार नाही. आता सांगून उपयोग नव्हता, म्हणजे सांगायचीही गरज नव्हती. मला हायसं वाटलं. ही दोन शब्दांची गोष्ट लिहायला मला साठ वर्षं लागली.

पुढे मी मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, आणि ह्याच गावात तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. 'शेवटच्या ओळीपर्यंत वाचा' हे माझं वाक्य मुलांना पाठ होतं. मी प्रश्नांचा कागद मुद्दाम नंतर द्यायचो. आधी पूर्ण उतारा, मग प्रश्न. मुलांचा वेळ जायचा, पालक तक्रार करायचे, मी ऐकत नसे. गेल्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी सत्कार केला तेव्हा मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही सवय मला देवस्थळी मास्तरांनी लावली. दुसरी, ते आम्हाला कसे दिवस दिवस कडी लावून कोंडून ठेवत. दुसऱ्या गोष्टीला फार हशा आला.

पहिली गोष्ट खोटी आहे. मास्तरांनी उत्तर शोधायला शिकवलं होतं, आणि ते काम त्यांनी चोख केलं. दुसरी खरी आहे, पण मी ती अर्धीच सांगत आलो. कडी रोज पाच वाजता निघायची. मंगळवारी निघाली, बुधवारी निघाली, गुरुवारी आणि शुक्रवारीही निघाली. मी मोकळा होतो आणि आमची दारं वीस पावलांवर होती.

अक्का कुठं गेली नाही. मॅट्रिकच्या निकालानंतर, त्याच पावसाळ्यात, पलीकडच्या घरातली एक पोरसवदा बाळंतीण गेली. अक्का तिच्या पाठीशी बसलेली होती. बाहेर आली, हंड्यातल्या पाण्यानं बराच वेळ हात धुतले आणि चरख्यावर जाऊन बसली. मी ओट्यावर होतो. तिच्या हाताचा वेगही बदलला नव्हता.

नंतर हातमाग गेले, वीज आली, दीर गेला, पुतण्यांनी यंत्रमाग घातले. अक्का कांड्यांवरच राहिली. सुताची धूळ छातीत बसली, डोळे अधू झाले. आणि आयुष्यभर, इंग्रजीत काहीही आलं की ती माझ्याकडे यायची. विजेच्या कंपनीचा कागद, पुतण्याच्या शाळेचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी. मी प्रत्येक कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून सांगायचो. ती बोळात सांगायची, "आमचा दामू एक अक्षर सोडत न्हाय."

मी निवृत्त झालो त्या वर्षी ठरवून तिच्याकडे गेलो होतो. पत्र खिशात होतं. ती बाजेवर बसली होती. मी बोलायच्या आत तिनं उशाखालून खोकल्याच्या औषधाचा कागद काढला. "बरं झालं आलास. ह्ये काय लिवलंय बग." मी वाचायला लागलो. किती चमचे, केव्हा, कुणी घेऊ नये. मग कारखान्याचा पत्ता, छापखान्याचं नाव. ती हसायला लागली, हसता हसता खोकली.

"छापनाऱ्याचं नाव बी सांगतोस व्हय रं? त्ये कशाला?"

"राहायला नको काही, अक्का."

"लई झालं. येवडं कोन वाचतंय?" तिनं कागद घडी घालून परत उशाखाली ठेवला आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. बोटांच्या टोकांवर धाग्यानं पडलेले चर होते. माझ्या खिशातलं पत्र खिशातच राहिलं. पुढच्या थंडीत ती गेली.

आत टेबलावर नात अजून बसली आहे. मघाशी मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि कपाटातली ती घडी उघडली. कागद कडांना तपकिरी झाला आहे. कडेला दोन जागी खळीचे डाग आहेत, चिमटीएवढे. मागे माझं अक्षर आणि तांबडी पेन्सिल. नातीनं मार्क पाहिले आणि म्हणाली, "आजोबा! आउट ऑफ!" मी तिच्यासमोर कागद उलटा केला आणि म्हटलं, आता हे वाच. प्रश्न नाहीत.

तिनं वाचलं, सगळं. मग विचारलं, "मग त्या गेल्या का?"

तिला मी सांगितलं, आणि ते इथं लिहिलं. एकच गोष्ट राहिली आहे. त्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदाचं मराठी मी कुणालाच करून दिलेलं नाही, जिनं विचारलं होतं तिलाही नाही. अक्का, नियमांच्या खाली एवढं लिहिलं होतं:

'तथापि आमच्या सुईणकामाच्या वर्गास मराठी चौथी इयत्ता पुरेशी आहे. बाळंतिणींची शुश्रूषा केल्याचे आपण अर्जात लिहिले आहे, ते वाचून आम्हास समाधान वाटले. आपल्यासारख्या स्त्रीची येथे गरज आहे. एक जागा आपल्यासाठी शनिवारपर्यंत राखून ठेवली आहे. राहण्याची व जेवणाची सोय होईल. स्टेशनावर आमचा माणूस असेल. येताना हे पत्र बरोबर आणावे.'